खुर्ची तिची आहे, प्रश्नही तिलाच विचारा

सिल्वासा, दादरा, नरोली, खानवेल आणि थेट मांदोणी-दुधनीच्या पाड्यांपर्यंत राहणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे ग्रामपंचायती, जिल्हा पंचायत आणि नगरपालिकेच्या निवडणुका झाल्या. गुलाल उधळला गेला, सत्कार झाले, हार सुकले. या निवडणुकांतून आपल्यातल्या कितीतरी बायका सरपंच, पंचायत सदस्य, नगरसेविका म्हणून निवडून आल्या. त्यांच्या पाच वर्षांतले दिवस सरू लागले आहेत आणि हे पत्र त्या सरणाऱ्या दिवसांसाठी आहे. आज राखीव असलेली जागा पुढच्या खेपेला फिरते. म्हणजे अनेकींच्या हाती ही एकच खेप आहे. तेवढ्यात त्यांचे काम गावाने डोळ्यांनी पाहिले नाही, तर २०३० साली त्याच गावात माणसे सांगतील, ‘बाई होती की पाच वर्षे, काय केलं तिनं?’ आणि तो कारभार बाईने केलाच नव्हता, तिच्या नावावर दुसऱ्या कोणी केला होता, याची आठवण काढायला कोणी उरणार नाही.

म्हणून आजच, अगदी येत्या ग्रामसभेपासून, आपण सगळ्यांनी काही गोष्टी बदलायला हव्यात. कोणत्या, ते सांगतोच; पण त्याआधी आपल्या प्रदेशाची एक अडचण लक्षात घ्या. इतर ठिकाणच्या लोकांना ती चटकन कळत नाही.

दादरा आणि नगर हवेलीला विधानसभा नाही. २६ जानेवारी २०२० रोजी आपण दमण आणि दीवबरोबर एक केंद्रशासित प्रदेश झालो, पण विधानसभा तेव्हाही मिळाली नाही. शेजारच्या तलासरीत किंवा वापीत राजकारणात उतरलेली बाई सरपंच होते, पंचायत समितीत जाते, जिल्हा परिषदेत जाते, आमदारकीचे तिकीट मागते, हरते, पुन्हा मागते. आपल्याकडे ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत किंवा नगरपालिका, आणि त्यानंतर एकदम लोकसभा. या शिडीला मधल्या पायऱ्याच नाहीत.

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने नारी शक्ती वंदन अधिनियम मंजूर केला. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य अशा मतांनी तो पुढे गेला. लोकसभेच्या आणि विधानसभांच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव ठेवणारा हा कायदा जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्याशी बांधलेला आहे. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण ज्या प्रदेशाला विधानसभाच नाही, तिथल्या बाईला विधानसभेतल्या आरक्षणाचा काय उपयोग? आणि लोकसभेची आपली जागा एकच. ज्या वाटेने इथल्या स्त्रिया खरोखर संख्येने पुढे येऊ शकतात, ती वाट १९९३ साली लागू झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने दिलेली आहे. पंचायतींत आणि नगरपालिकांत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या, आणि आदिवासींसाठी राखलेल्या जागांतही आदिवासी स्त्रियांचा तेवढाच वाटा. रांध्याच्या, गलोंड्याच्या किंवा सिंदोणीच्या पंचायतीतली खुर्ची म्हणूनच इथे फार मोलाची आहे. ती रिकामी राहिली, किंवा भरलेली दिसून आतून रिकामी राहिली, तर दुसरीकडे भरपाई व्हायला जागा नाही.

वरच्या टोकाला काय घडले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. १९६७ साली इथून पहिल्यांदा खासदार निवडून दिला गेला, तेव्हापासून २०२१ पर्यंत म्हणजे ५४ वर्षांत एकही स्त्री इथून लोकसभेत गेली नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये मोहन डेलकर यांचे मुंबईत निधन झाले. त्यांनी सात वेळा या जागेचे प्रतिनिधित्व केले होते. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या पत्नी कलाबेन डेलकर शिवसेनेच्या उमेदवार म्हणून ५१,२६९ मतांनी विजयी झाल्या. चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या गेटवर, मंडळाच्या कट्ट्यावर त्या निकालाचा अर्थ एका शब्दात सांगितला गेला: सहानुभूती. मे २०२४ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या, या वेळी भारतीय जनता पक्षाकडून. पक्ष वेगळा, समोरचा उमेदवार वेगळा, मधे अडीच वर्षे लोटलेली. मताधिक्य ५७,५८४ झाले.

कलाबेन यांना मत द्या किंवा देऊ नका, त्यांचा पक्षबदल पटो किंवा न पटो, तो ज्याच्या त्याच्या विचाराचा भाग आहे. या पत्रात मी कोणत्याही पक्षासाठी शब्द टाकत नाही. माझे म्हणणे आपल्या बोलण्याबद्दल आहे. मोहन डेलकर यांचे वडील सानजीभाई डेलकर हे १९६७ साली इथून लोकसभेवर गेले होते. मुलगा पुढे खासदार झाला तेव्हा ‘वडिलांच्या पुण्याईवर’ असे कोणी फार दिवस म्हणत बसले नाही. त्याच्या कामाचा, स्वभावाचा, संघटनेचा हिशेब लोकांनी मांडला. पत्नी निवडून आली की हिशेब मांडायच्या आधीच निकाल लागतो. घराणेशाहीवर प्रश्न विचारायलाच हवेत, खणखणीत आवाजात विचारायला हवेत. पण ते मुलाला, पुतण्याला, भावाला आणि पत्नीला सारखेच विचारा. एकाला सूट आणि दुसरीला टोमणा, असे करू नका.

मागच्या कार्यकाळात जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षपदावर निशा भवर आणि सिल्वासा नगरपालिकेच्या अध्यक्षपदावर रजनी शेट्टी होत्या. लोकसभेत कलाबेन होत्याच. म्हणजे या छोट्या मुलखातली तीन महत्त्वाची पदे एकाच वेळी स्त्रियांकडे होती. मुंबई-पुण्यातही असे सहजासहजी घडत नाही. आपण त्याचा अभिमान किती बाळगला? किती शाळांत मुलींना हे सांगितले गेले?

आता कोणी म्हणेल, आदिवासी समाजात, खेड्यात, बाईने पुढे होणे लोकांना रुचत नाही. हे मला मुळीच मान्य नाही. वारल्यांच्या लग्नात विधी कोण करते? धवलेरी. सवाष्ण बाई, गाणी म्हणत, देवतांना बोलावत लग्न लावते. भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात त्याही सवाष्णीच. आयुष्यातला सर्वांत मोठा विधी जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाईच्या शब्दाने पूर्ण झाला असे मानत आली, त्यांना बाईच्या सहीने पंचायतीचा ठराव पूर्ण होतो हे पटायला कसली अडचण? अडचण आपण बाहेरून आणली आहे, शिकल्या-सवरल्या लोकांनी. ‘साहेब’ म्हणजे पुरुष, ‘नेता’ म्हणजे पांढऱ्या कपड्यातला पुरुष, हे चित्र कचेरीतून पाड्यावर गेले, पाड्यावरून कचेरीत आलेले नाही.

आणि या भूमीच्या मुक्तीची गोष्ट तरी आठवा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. सुधीर फडके, राजाभाऊ वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही नावे आपण दर वर्षी घेतो. त्या लढ्यासाठी पैसा उभा करायला लता मंगेशकर पुण्यात गायल्या, ललिताबाई फडके यांनी त्या मोहिमेत भाग घेतला, हेही त्याच दमात सांगायला हवे. हद्दीपलीकडे तलासरी-उंबरगावच्या भागात गोदावरी परुळेकर यांनी १९४५ पासून वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी आणि त्याची बायको, दोघेही त्या लढ्यात आले. शहरातून आलेल्या वकील बाईचे ऐकावे की नाही, असा प्रश्न त्यांना पडला नाही. तिने काय केले ते त्यांनी पाहिले आणि ते तिच्यामागे गेले.

तर आजचा प्रश्न असा आहे की निवडून आलेली बाई काम करताना दिसते का. अनेक पंचायतींत ती दिसत नाही. सही तिची, शब्द नवऱ्याचा. फलकावर नाव तिचे, फोन नंबर त्याचा. बैठकीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर, कधी तिच्याच खुर्चीवर, तो. दाखला हवा असलेला माणूसही दारात येऊन विचारतो, ‘साहेब आहेत का?’ सरपंचपती हे जणू एखादे सरकारी पद असावे, इतक्या सहजपणे आपण तो शब्द वापरतो. मार्च २०२५ मध्ये छत्तीसगडच्या परसवारा गावात निवडून आलेल्या सहा स्त्रियांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली आणि ती घेऊ दिली गेली! पुढे पंचायत सचिव निलंबित झाला, गवगवा झाला. पण शपथेच्या त्या क्षणी ते कोणी थांबवले नाही, हे खरे दुखणे आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर या प्रकारावर समिती नेमली होती. माजी सचिव सुशील कुमार यांच्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला आणि असा परस्पर कारभार चालवणाऱ्यांना जरब बसेल अशा दंडाची शिफारस केली. दंड होईल तेव्हा होईल. आपल्या गावात हे थांबवायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

सिल्वासात खानदेशातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलखातली दोन गावे समोर ठेवतो. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये १९८९ साली संपूर्ण पंचायत बायकांची निवडून आली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले होते, त्यातून ती उमेद आली. तेव्हा आजचे आरक्षण नव्हते, घटनादुरुस्ती नव्हती. गावाने ठरवले आणि केले. त्याही आधी, १९६३ साली, बारामती तालुक्यातल्या निंबूतने सगळ्या बायकांची पंचायत निवडली होती. आता त्याच जळगाव जिल्ह्यातले दुसरे गाव पाहा, विचखेडा. तिथल्या सरपंच मनीषा पानपाटील यांना गावातल्या काहींच्या तक्रारीवरून अपात्र ठरवले गेले. आरोप असा की त्या सरकारी जमिनीवरच्या घरात सासूबरोबर राहतात. आपण नवरा आणि मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्या सांगत होत्या. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र केले, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केले, उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि नोंदवले की एक स्त्री सरपंच झाली हेच तक्रारदारांना सहन झालेले दिसत नाही. मध्ये पस्तीस वर्षे. एका गावाने कायद्याच्या आधी धावून दाखवले, दुसऱ्या गावातल्या माणसांना कायद्याने दिलेलेही पचले नाही. या दोन्ही गावांतली माणसे तुमच्याआमच्यासारखीच आहेत, त्यांचे पाहुणे आपल्याच चाळीत राहतात. आपले गाव कोणत्या बाजूला जाणार, हे या पाच वर्षांत ठरणार आहे.

‘बायकांना जमत नाही’ हे म्हणणे कितपत खरे, याचा शोध अर्थशास्त्रज्ञांनी फार कसोशीने घेतला आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना एका ग्रामप्रमुखाचे भाषण ऐकवले. भाषण शब्दशः तेच. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे कधीच स्त्री प्रमुख झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातले भाषण कमी प्रभावी ठरवले. जिथे आरक्षणामुळे स्त्री प्रमुख होऊन गेली होती तिथे हा फरक जवळजवळ उरला नाही. बाई बोलायला शिकली म्हणून तो फरक मिटला असे नाही, भाषण तर तेच होते. ऐकणाऱ्यांचे कान बदलले. आणि याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली जी मला झोपू देत नाही. स्त्री प्रमुखांचे काम पुरुषांइतके किंवा त्याहून सरस असतानाही पहिल्या खेपेला लोकांनी त्यांना कमीच गुण दिले. कामाचा मान मिळायला दुसरी खेप यावी लागली. म्हणजे पहिली बाई अन्याय सोसते आणि तिच्यामागून येणारीला वाट मोकळी होते. आपल्या अनेक गावांत आज ती पहिली बाई खुर्चीवर आहे.

मुंबईचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. १९९७ च्या महापालिका निवडणुकीत जे प्रभाग स्त्रियांसाठी राखीव होते, ते २००२ मध्ये खुले झाले. रिखिल भवनानी या अभ्यासकाने दोन्ही निवडणुका ताडून पाहिल्या. जे प्रभाग आधी राखीव होते, त्यांत खुल्या लढतीतही स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर प्रभागांच्या सुमारे पाचपट निघाली. लोकांनी एकदा बाईला काम करताना पाहिले, पक्षांनी एकदा तिला जिंकताना पाहिले, की आरक्षण उठल्यावरही ती टिकते. पण ‘काम करताना पाहिले’ हे त्यातले खरे. नवऱ्याला काम करताना पाहिले, तर लोक पुढच्या खेपेला नवऱ्यालाच निवडतील, आणि त्यांना दोष कसा द्यायचा?

आपल्या भागात तर बाईने काम हाती घेण्याची निकड जास्त आहे. पंचायतीपुढे येणारे विषय बघा. नळ आला, पण त्याला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, हे पहाटे उठणाऱ्या बाईला विचारावे लागते. बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींच्या अभ्यासातही हेच दिसले की स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला, कारण बायका तेच मागत होत्या. पाण्यासाठी लढलेल्या गोरेगावच्या मृणाल गोरे यांना सारी मुंबई पाणीवाली बाई म्हणून ओळखू लागली ती उगाच नाही. आमली, मसाट, पिपरिया, राखोलीच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या मुली रात्री सुटतात. रस्त्यावर दिवा आहे की नाही, रिक्षा मिळते की नाही, चाळीतल्या संडासाला कडी आहे की नाही, या गोष्टी प्रभागाच्या बैठकीत पुरुष सदस्याला आठवतीलच असे नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे दर हजार पुरुषांमागे ७७४ स्त्रिया होत्या. कामासाठी बाहेरून येणाऱ्या पुरुषांची संख्या मोठी, त्याचा हा परिणाम आहे. आदिवासींमध्ये स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने आहेत. पण शहरात आणि औद्योगिक वस्तीत बायका संख्येने थोड्या, मतदार म्हणून आणखी थोड्या, आणि म्हणून उमेदवाराच्या नजरेत त्यांची गरजही थोडी. हे कोडे त्यांचा आवाज खुर्चीपर्यंत गेल्याशिवाय सुटणार नाही.

म्हणून मागणे मागतो. आधी, निवडून आलेल्या बायकांच्या घरच्या पुरुषांकडे.

दादांनो, तुम्ही मदत करता, हे आम्ही जाणतो. तिला मोटारसायकलवर सिल्वासापर्यंत आणता, मुलांना सांभाळता, अर्ज वाचून दाखवता. हे करत राहा, ही खरी साथ आहे. पण बैठकीच्या खोलीच्या दारापाशी थांबा. आत तुमची जागा नाही. ठेकेदाराशी बोलणे तिचे, सचिवाला जाब विचारणे तिचे, सहीच्या आधी कागद वाचणे तिचे. चुकेल तर तिला चुकू द्या. तुमच्या पहिल्या वर्षात तुम्ही किती चुकला असता? फलकावर आणि सरकारी यादीत तिचाच मोबाइल नंबर लिहा, आणि तो मोबाइल तिच्याकडेच राहू द्या.

पंचायत सचिव, तलाठी, अभियंते, सगळ्या कर्मचाऱ्यांना हात जोडून सांगतो: फाइल घेऊन नवऱ्याकडे जाऊ नका. कागद गुजरातीत, हिंदीत किंवा इंग्रजीत असेल आणि बाईला मराठी किंवा वारलीच कळत असेल, तर तिला तिच्या भाषेत समजावून सांगा आणि मगच सही मागा. तिने प्रश्न विचारला तर वेळ गेला असे मानू नका. तुमच्या आदराच्या एका वाक्याने गावाची नजर बदलते, तुमच्या एका हसण्याने ती पुन्हा खाली जाते.

मतदारांनो, तुमच्याकडे सर्वांत सोपे आणि सर्वांत मोठे काम आहे. दाखला, नळ, गटार, घरकुल, काहीही असो, बाईकडे जा. नवरा समोर आला तर नम्रपणे सांगा, ‘आम्हाला सरपंचताईंशी बोलायचंय.’ पाच माणसांनी असे म्हटले की सहावा आपोआप तसेच म्हणू लागतो. जिथे निवडणूक बिनविरोध झाली तिथे हे दुप्पट गरजेचे आहे. तिथल्या उमेदवाराला मते मागायला दारोदार जावेच लागले नाही, तिचा आवाज गावाने ऐकलाच नाही. तो पहिल्यांदा ऐकण्याची जागा आता ग्रामसभा आहे. आणि ती अडखळत बोलली तर कुजबुजू नका. एखादा पुरुष अडखळला की आपण ‘नवीन आहे, शिकेल’ म्हणतो ना, तेवढेच मन तिच्यासाठीही मोठे ठेवा.

आणखी एक, हे बोलायला जड जाते पण बोलायलाच हवे. बाई राजकारणात आली की तिच्या चारित्र्यावर बोलले जाते. रात्री बैठकीहून परतली, कोणाच्या गाडीत बसली, कोणाशी हसली. व्हॉट्‌सॲपवर फोटो फिरतात, काही खोटे बनवलेले. अशा एका फोटोमुळे एखादी बाई पुढची निवडणूक सोडते आणि तिला पाहून दहा मुली ठरवतात की या वाटेला जायचेच नाही. तसा संदेश आला तर पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्याला तोंडावर सांगा. तो तुमचा मित्र असेल, साडू असेल, मंडळाचा अध्यक्ष असेल. सांगा.

पक्षांच्या इथल्या पदाधिकाऱ्यांनो, राखीव जागा आल्यावर रात्रीतून उमेदवार शोधण्यापेक्षा आतापासून बायकांना समित्यांत घ्या, सभेत बोलायला उभे करा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरातल्या उमेदवारांत स्त्रिया दहा टक्क्यांहूनही कमी होत्या आणि ५४३ जणांत निवडून आल्या ७४. मतदारांनी नाकारण्याच्या कितीतरी आधी तुम्हीच तिकीट नाकारले होते. २०३० मध्ये किमान काही खुल्या जागांवर बायकांना उभे करा. द्रौपदी मुर्मू १९९७ साली ओडिशातल्या रायरंगपूरच्या नगर पंचायतीत नगरसेविका झाल्या, म्हणजे सिल्वासाच्या नगरसेविकेच्याच पायरीवर. २०२२ साली त्या राष्ट्रपती झाल्या. त्यांची वाटही त्या पहिल्या पायरीवरूनच सुरू झाली होती.

आणि भगिनींनो, तुमच्याशी मला मतदारयादीबद्दल बोलायचे आहे. लग्न होऊन धुळ्याहून, जळगावहून, नाशिकहून इथे आलेल्या अनेकींचे नाव माहेरच्या यादीत राहते किंवा तिथून कमी होते, आणि सिल्वासात नोंदवायचे राहून जाते. मग दोन्हीकडे मत नाही. नवऱ्याचे नाव इथे, तुमचे कुठेच नाही, असे असेल तर उद्याच बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याला, गाठा. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरतात, पहिल्यांदा नाव घालण्यासाठी फॉर्म ६. मतदार सेवेच्या संकेतस्थळावरही ते भरता येतात. आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. यांपैकी ज्या तारखेपर्यंत मुलीची अठरा वर्षे पूर्ण होतात त्या तारखेला ती पात्र होते, वर्षभर वाट पाहायची गरज नाही. निवडणुकीच्या तोंडावर रांगा लागतात, यंत्रणा अडते, म्हणून हे काम आत्ताच करा. आपल्या मराठी मंडळांना विनंती आहे की गणपतीच्या आणि नवरात्रीच्या दहा-नऊ दिवसांत मंडपात एक टेबल यासाठी ठेवा. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना वाण देताना फॉर्मही द्या. महिला बचत गटांच्या बैठकीत यादी वाचून घ्या, कोणाचे नाव नाही ते तिथल्या तिथे कळेल.

देशात साधारणपणे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून ग्रामसभा होतात. तुमच्या पंचायतीची नेमकी तारीख फलकावर लागते. ती बघा आणि शेजारणीला सांगा. एकटी जाऊ नका, चार-पाच जणी मिळून जा आणि पुढच्या रांगेत बसा, मागे भिंतीला टेकून नको. मागच्या सभेत काय ठरले होते ते सरपंचांनी स्वतः वाचून दाखवावे असा आग्रह धरा. आपला प्रश्न कागदावर लिहून न्या, सभेच्या नोंदवहीत तो उतरला का ते सही करण्याआधी तपासा, आणि उतरला नसेल तर तिथेच हात वर करा.